पिंडाला कावळा शिवेना तेव्हा

"तुझा विश्वास नसेल, पण आदर तरी ठेव. तिथं काही बोलू नकोस." कराडला जाताना एसटीत मावशीने मला हे दोनदा बजावलं. मामाचा दहावा होता. माझ्या नास्तिकपणाचा घरात कोणाला त्रास नाही, पण घाटावर मी तोंड उघडेन अशी धास्ती सगळ्यांनाच होती.

प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भिडतात. तिथे पायऱ्यांच्या खाली पिंड मांडले. शेजारी द्रोणात दहीभात, मामाला आवडायची म्हणून कांदाभजी, कागदी कपात चहा आणि तंबाखूची पुडी. चुन्याची डबीसुद्धा कोणीतरी आठवणीने ठेवली होती. समोरच्या झाडावर सात-आठ कावळे होते, पण एकही खाली येईना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मामेभाऊ हात जोडून एकेक गोष्ट कबूल करायला लागला. धाकटीचं लग्न थाटात करतो. आईला अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. मग मागून कोणीतरी कुजबुजलं, "विहिरीचं बोल." विहिरीच्या पाण्यावरून मामाचं चुलत्यांशी दहा वर्षं वाकडं होतं. भावाने ओठ चावला आणि म्हणाला, "विहिरीचं मिटवतो." पंचवीस माणसांनी एकदम झाडाकडे पाहिलं.

मला सांगायचं होतं की आपण इतकी माणसं पिंडाभोवती कडं करून उभे आहोत म्हणून कावळे येत नाहीत. वीस पावलं मागे सरलो तर भज्यांसाठी सगळे खाली येतील. मी बोललो नाही. पाऊण तासाने गुरुजींनी मोबाइलवर वेळ पाहिली, कारण पलीकडे दुसऱ्या घरची मंडळी ताटकळत होती. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. आम्ही पायऱ्या चढून वर आलो, मी मागे वळून पाहिलं, तर खाली भज्यांवर झुंबड उडाली होती.

परतीच्या वाटेवर मावशी म्हणाली, "आज शहाण्यासारखा वागलास." तिच्या लेखी मी श्रद्धेचा आदर राखला होता. मला तसं वाटत नाही. मृताची वासना कावळ्याच्या चोचीत अडकते या समजुतीबद्दल माझ्या मनात तेव्हाही आदर नव्हता, आजही नाही. मी गप्प बसलो ते नवरा गमावलेल्या मामीसाठी, दहा दिवस नीट न झोपलेल्या मामेभावासाठी. घाट त्यांचा होता, दुःख त्यांचं होतं, मी तिथे पाहुणा होतो. शिवाय, खरं सांगायचं तर, विहिरीचा वाद मिटला. दहा वर्षांत जे कोणाला जमलं नव्हतं ते न आलेल्या कावळ्याने करून दाखवलं. समजूत खोटी असून तिचा उपयोग खरा असू शकतो, हे मान्य करायला मला जड जात नाही. पण उपयोग झाला म्हणून ती खरी ठरत नाही.

'विश्वास नसला तरी आदर ठेवा' हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की त्यात किती गोष्टींचं गाठोडं बांधलंय हे कोणी सोडून बघत नाही. एक गोष्ट म्हणजे मुभा: ज्याला जे मानायचं ते मानू द्या, त्याच्या देवळाच्या, मशिदीच्या, विहाराच्या वाटेत उभे राहू नका. ही मुभा राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सगळ्यांना दिलीय आणि तिच्यासाठी मी रस्त्यावर उतरायला तयार आहे. दुसरी म्हणजे रीतभात. कोणाच्या घरी गेलो तर चपला बाहेर काढायच्या, रोजा असलेल्या सहकाऱ्यासमोर वडापावचा घमघमाट नाचवायचा नाही, शेजारच्या टेबलावरून आलेला सत्यनारायणाचा शिरा नको असेल तर नाक न मुरडता नको म्हणायचं. (शिरा मी सहसा घेतो. त्यात धर्माचा काही संबंध नाही.) आणि तिसरी गोष्ट खुद्द आदर, म्हणजे समोरच्या कल्पनेत काही थोर आहे असं मनापासून वाटणं. पहिल्या दोन गोष्टी मागता येतात. तिसरी मागून मिळत नाही, ती वाटली तर वाटते.

सहिष्णुता या शब्दातच 'सह्' धातू आहे. सहन करायचं ते न पटणारंच असतं. मी पुरणपोळी सहन करतो असं कोणी म्हणत नाही. सगळ्यांना सगळ्यांच्या श्रद्धा आदरणीय वाटायला लागल्या तर सहिष्णुतेची गरजच उरणार नाही. राज्यघटनेतल्या मूलभूत कर्तव्यांच्या यादीत 'आदर' हा शब्द आहे, पण तो घटना, राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांच्या बाबतीत. धर्माधर्मांतल्या माणसांसाठी तिथे सामंजस्य आणि बंधुभाव हे शब्द आहेत, आणि त्याच यादीत थोडं खाली शोधकबुद्धी आणि सुधारणावाद आहे.

इथवरचं सगळं मी मावशीला सांगून पाहिलं. तिने एका वाक्यात निकाल लावला. "म्हणजे मी चांगली, पण माझा देव खुळचट, असंच ना?" तिचा मुद्दा हलका नाही. माणूस आणि त्याची श्रद्धा वेगळी काढून माणसाला मान द्यायचा, हे न मानणाऱ्याला सोपं वाटतं. जिने साठ वर्षं एकादशी धरली, गळ्यात माळ घातली, तिला ती माळ काढून बाजूला ठेवून 'आता तुझा आदर करतो' म्हणणं म्हणजे तिची कातडी सोलून तिला मिठी मारण्यासारखं आहे. तिला लागतं ते खरंच लागतं. हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात प्रामाणिकपणा नाही.

पण मावशी वारकरी आहे आणि तिची गाथा मीही थोडीफार वाचलीय. म्हणून तिला तुकोबांचाच अभंग ऐकवला: 'भुके नाहीं अन्न । मेल्यावरी पिंडदान ॥' जिवंतपणी घासभर घातलं नाही आणि मेल्यावर पिंड वाढतात, पुढच्या ओळीत तुकोबा याला सरळ चाळवाचाळवी म्हणतात. मी घाटावर मनातल्या मनात जे म्हणालो त्यापेक्षा हे कितीतरी कडक आहे. नवसाने मुलं होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता, हेही त्यांचंच. मावशी हसली. अभंग तिला पाठ होता. म्हणाली, "तुकोबांनी म्हणावं. तू कोण?"

त्या 'तू कोण?'वर मी बरेच दिवस अडकून होतो, कारण या सगळ्या वादाची किल्ली मला तिथेच आहे असं वाटतं. परंपरा सांगते की हाच प्रश्न देहूच्या वाण्यालाही विचारला गेला होता. शूद्राने वेदार्थ सांगायचा अधिकार काय, म्हणून गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली. आज ज्यांच्या नावाने 'आमच्या श्रद्धांचा आदर ठेवा' म्हटलं जातं, ते त्यांच्या काळात श्रद्धांचा अनादर करणारेच होते. पालखीत बसवल्यावर त्यांचा कडकपणा गोड लागतो, इतकंच.

आता १९२७ सालाकडे येतो. त्या एका वर्षात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या शेजारी येऊन बसल्या होत्या. लाहोरात राजपाल नावाच्या प्रकाशकाने पैगंबरांच्या खासगी आयुष्यावर एक टवाळखोर पुस्तिका छापली होती. खटला झाला, खाली शिक्षा झाली, पण १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने त्याला सोडलं, कारण धर्मसंस्थापकावरची टीका तेव्हाच्या कुठल्याच कलमात बसत नव्हती. मोठा क्षोभ झाला. सरकारने त्याच वर्षी दंडविधानात २९५-अ हे कलम घातलं: एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने दुखावणं हा गुन्हा. विधिमंडळातल्या चर्चेत जिनांनी बजावलं होतं की धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना आणि इतिहास लिहिणाऱ्यांना संरक्षण मिळालंच पाहिजे. 'जाणूनबुजून' आणि 'दुष्ट हेतूने' हे दोन शब्द अशाच काळजीतून कलमात आले. राजपालला कलमाचा काही उपयोग झाला नाही आणि त्याच्या मारेकऱ्यालाही कलमाने अडवलं नाही. एप्रिल १९२९ मध्ये राजपालचा त्याच्या दुकानात खून झाला.

हे कलम होऊन जेमतेम तीन महिने उलटले असतील, तर २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत मनुस्मृती जाळली गेली. परिषदेला गावात कोणी जागा द्यायला तयार नव्हतं, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. दहनाचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मणाने. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी अस्पृश्य प्याले, म्हणून सनातन्यांनी तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' केलं होतं. ती शुद्धी करणारे सगळे लबाड होते असं मला वाटत नाही. त्यातल्या कित्येकांची स्पर्शाने पाणी बाटतं यावर मनापासून श्रद्धा असणार. त्यांच्या भावना खरोखरच दुखावल्या असणार. आणि त्या दुखावल्या जाणं आवश्यक होतं.

श्रद्धेचा आदर करावाच, हे तत्त्व म्हणून ज्यांना मान्य आहे त्यांनी महाडच्या त्या रात्रीचं काय करायचं हे मला सांगावं. एका ग्रंथाला लाखो लोक पवित्र मानत होते. तो समारंभपूर्वक, जाहीरपणे, जाणूनबुजून जाळला. 'जाणूनबुजून' होतंच. 'दुष्ट हेतू' होता का, हे कोण ठरवणार? पोटात दुखणारा, की ज्याला तळ्यावरून हाकललं तो? बाबासाहेबांनी पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्म स्वीकारला, तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञांमधली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही अशी आहे. एकाची धर्मदीक्षा हाच दुसऱ्याच्या श्रद्धेला नकार आहे. दोन्हींचा एकदम आदर करायला निघालं की माणूस एकतर खोटं बोलतो किंवा दोन्हींमधलं काहीच वाचत नाही.

मावशीचा 'अधिकार' हा युक्तिवाद इथे कोणी काढेल. बाबासाहेब आतले होते, त्यांनी सोसलं होतं, म्हणून त्यांना अधिकार. कबूल. मग हमीद दलवाई घ्या. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा मुसलमान लेखक. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. तोंडी तलाक बंद करा ही मागणी. सात बायका, आणि त्यांना विरोध करायला अख्खा समाज. १९७० मध्ये पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. दलवाई आतलेच होते, जन्माने, नावाने, नात्यागोत्याने. पण टीका केल्या क्षणी 'हा मुसलमानच नव्हे' असं जाहीर झालं. आतल्याने बोललं की तो बाहेरचा ठरतो आणि बाहेरच्याला तर अधिकार नसतोच, म्हणजे बोलायला कोणी उरतच नाही. तोंडी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो ऑगस्ट २०१७ मध्ये, मोर्चानंतर एक्कावन्न वर्षांनी. या एक्कावन्न वर्षांत 'त्यांच्या श्रद्धेचा आदर' म्हणून जे पुरोगामी गप्प बसले त्यांनी आदर नेमका कोणाचा केला? तलाक देणाऱ्याचा. जिला मिळाला तिचीही श्रद्धा त्याच धर्मावर होती.

मुंबईचंच आणखी एक उदाहरण आहे, त्याची चर्चा फार कमी होते. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने जातीतून, पंथातून बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. बहिष्काराचा अधिकार हा पंथाच्या धार्मिक व्यवहाराचा भाग मानला गेला. सरन्यायाधीश सिन्हांचं मत वेगळं पडलं, पण ते अल्पमतात होते. कागदावर हा श्रद्धेचा सन्मान दिसतो. बहिष्कृत माणसाला मात्र समाजाच्या दफनभूमीत जागासुद्धा मागता येत नाही. कावळा न शिवल्याने कासावीस झालेला माझा मामेभाऊ आठवतो तेव्हा वाटतं, बापाला आपल्या माणसांत माती देता येत नाही म्हणजे काय होत असेल. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा कायदा केला, तो प्रामुख्याने जातपंचायतींच्या छळामुळे. त्या पंचायतींचीही भाषा परंपरेची आणि देवाधर्माचीच असते.

इतकं लिहिल्यावर एक वाट बंद करायला हवी. माझ्या या म्हणण्याचा आधार घेऊन सगळ्यात आधी पुढे येतील ते दुसऱ्याच्या धर्माची टिंगल करणारे. अजानवर विनोद, दर्ग्यावर विनोद, धर्मांतर केलेल्या आदिवासींवर विनोद. स्वतःच्या घरातल्या सोवळ्यावर एक शब्द नाही. याला चिकित्सा म्हणत नाहीत. त्यातला बाण श्रद्धेवर नसतो, माणसांवर असतो, आणि ती माणसं संख्येने थोडी असतात म्हणून हिंमत होते. राजपालची पुस्तिकाही त्याच जातीची होती. पण तिच्यावरचा उपाय म्हणून कलम केलं आणि त्याच कलमाची पाकिस्तानातली भावंडं बघा: १९८६ मध्ये २९५-सी आलं, त्याला देहान्त शिक्षा आहे. आसिया बीबी नावाची शेतमजूर बाई त्या कलमाखाली आठ वर्षं फाशीच्या छायेत राहिली. भांडणाची सुरुवात पाण्याच्या भांड्यावरून झाली होती. महाड आठवतं ना? २०१८ मध्ये ती सुटली, तोवर तिची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर स्वतःच्याच अंगरक्षकाच्या गोळ्यांनी मेले होते. आपल्याकडे ते जुनं २९५-अ आता न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आलंय. टवाळखोराला उत्तर द्यावं, त्याची लाज काढावी, त्याला जेवायला बोलावू नये. हिंसेची चिथावणी दिली तर त्यासाठी वेगळा कायदा आहे. पण भावना हे वजनमाप कायद्याच्या हातात दिलं की जास्त आरडाओरडा करणाऱ्याचं पारडं खाली जातं.

साने गुरुजींचं उदाहरण मला या सगळ्यात सगळ्यात जवळचं वाटतं, कारण ते माझ्यापेक्षा मावशीच्या बाजूचे होते. पूर्ण श्रद्धावान. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मग १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं. दहाव्या दिवशी ते सुटलं, मंदिर खुलं झालं. गुरुजींच्या बोलण्यात बडव्यांबद्दल तिरस्कार नाही, उपहास नाही. पण स्पर्शाने विठोबा विटाळतो ही श्रद्धा त्यांनी तसूभरही मानली नाही. माणसांपुढे मऊ आणि समजुतीपुढे ताठ, हे एकाच देहात राहू शकतं, याला यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा.

दाभोलकरही सारखे हेच सांगत की आमचा देवाला, धर्माला विरोध नाही, शोषणाला आहे. जादूटोणाविरोधी कायद्याचं विधेयक वर्षानुवर्षं रखडलं. वारकऱ्यांच्या काही संघटनांना भीती होती की वारीवरच बंदी येईल. म्हणून कायद्यात लिहूनच टाकलं की प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही. लागू कशाला आहे? भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं. इतका साधा कायदा. तो अध्यादेश म्हणून निघाला ते २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेलेल्या दाभोलकरांना पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्यानंतर, चार दिवसांत. पुलाचं नाव महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. ज्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य वेचलं तेच ते शिंदे. मे २०२४ मध्ये गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले.

मागच्या महिन्यात मावशीकडे गेलो होतो. विहिरीचा करार नोंदवला गेल्याचं तिने कौतुकाने सांगितलं, आणि श्रेय अर्थातच कावळ्याला दिलं. मी शेवटी तिला त्या दिवशीचं ते सांगितलं, की आपण मागे सरल्यावर कावळे आले होते. ती जराही चकित झाली नाही. "मला काय माहीत नाही होय?" म्हणाली. "पण लगेच मागे सरलो असतो तर विहिरीचं कोण बोललं असतं?" मग सुपारी कातरता कातरता तिने विचारलं, "तुझ्या वेळी कावळ्याची वाट बघायची की नाही, तेवढं लेकाला सांगून ठेव."

मी अजून सांगितलेलं नाही.